कापासान रस्त्यावरचा रविवार

इंडोनेशियातल्या सुराबायात रविवारी सकाळी कापासान रस्त्यावरची बरीचशी दुकानं बंद होती. (इथे कापसाला ‘कापास’ म्हणतात. पाटी वाचून उगाच घरचं वाटलं.) टॅक्सीवाल्याला ‘बून ब्यो’ (इथलं कन्फ्यूशियसचं देऊळ) म्हटलं, तर त्यानं मला भलत्याच चिनी देवळापाशी उतरवलं. पायपीट करत पोचले तोवर प्रार्थना सुरू झाली होती.

आत शिरल्यावर सवयीनं मूर्ती शोधली. मूर्ती नाहीच! वेदीवर उभ्या नामपट्ट्या, मानाची पट्टी कन्फ्यूशियसची. समोर बाकांवर म्हाताऱ्या बायका, पेंगुळलेली पोरं. समोरून घोष आला, “वेई द दोंग थ्येन”. म्हणजे सदाचारानंच काय ते आकाशातल्याला पाझर फुटतो. सगळ्यांनी मुठीवर पंजा ठेवून, हात छातीशी धरून उत्तर दिलं, “श्येन यौ यी द.” मग गाणी, मग इंडोनेशियनमधून प्रवचन. डोळे मिटले असते तर चर्चमध्येच बसलेय असं वाटलं असतं.

आपल्याला कन्फ्यूशियस माहीत असतो तो शाळेच्या पुस्तकातला तत्त्वज्ञ म्हणून. इथे तो ‘नाबी’ आहे, प्रेषित. ‘थ्येन’ हा ईश्वर आणि चार अभिजात ग्रंथ ही पोथी. ही मांडणी सरकारमान्य धर्मांच्या रकान्यात बसावी म्हणून केली, असं मी ऐकून होते. ते अर्धंच खरं. देऊळ 1883 सालचं, 1907 पासून या जागेवर. कन्फ्यूशियसकडे परत चला म्हणणारी इथल्या चिनी लोकांची चळवळही 1900 च्या सुमाराची. सरकारी रकाना बराच नंतर आला.

आणि आला तो छळायलाच. 1965 च्या राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंच्या आदेशात सहा ‘आगमा’ होते (हो, आपलाच आगम, इथे त्याचा अर्थ धर्म), त्यात हाही होता. त्यांच्यानंतर सत्तेवर आलेल्या सुहार्तोंनी 1967 मध्ये चिनी सणसमारंभ चार भिंतींआड ढकलले आणि पुढे हा धर्म यादीतून गळाला. 1995 मध्ये याच देवळात लग्न लागलेल्या एका जोडप्याची नोंद करायला सरकारी कचेरीनं नकार दिला: हा धर्मच नाही! जोडपं कोर्टात गेलं. त्यांच्या बाजूनं उभे राहिले गुस दुर, देशातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनेचे प्रमुख. तेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले आणि 2000 मध्ये त्यांनी ती 1967 ची बंदी उठवली.

प्रार्थनेनंतर एका तांतेंनी (वडीलधाऱ्या बाईंना इथे तांते म्हणतात) चहा दिला आणि पर्समधून ओळखपत्र काढून दाखवलं. ‘आगमा: खोंगहुचू’, म्हणजे कन्फ्यूशियसचा धर्म. आधीच्या कार्डावर ‘बुद्ध’ होतं म्हणाल्या, आणि त्या शब्दावरून नख फिरवलं.

मग माझा पासपोर्ट मागितला. चष्मा वर करून पानं उलटली, परत पहिल्या पानावर आल्या. धर्म कुठे लिहिलाय? लिहीत नाहीत, म्हटलं.

“अगंबाई,” अशाच सुरात त्या काहीतरी म्हणाल्या. शेजारच्या मुलीनं मला इंग्रजीत सांगितलं, “त्या विचारतायत, मग तुमच्याकडे लग्नाची नोंद कशी करतात?”