मुंगी बाजूला का सरकली?

आमच्या टीममध्ये त्या प्राण्याला सगळे मुंगीच म्हणतात. खरं तर तो कॉम्प्युटरमधला एक आभासी रोबोट: मधे एक गोळा, चार पाय आणि पायांत आठ मोटारी. मुजोको या रोबोटांच्या हालचालींचं सिम्युलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या कुणालाही हे मॉडेल याच नावानं माहीत असतं, त्यामुळे उरलेल्या दोन पायांचा हिशेब कुणी मागत नाही.

काम असं, की सिम्युलेशनमधली एक मुंगी काहीतरी करते: चालते, उडी मारते, पेटी ढकलते. दुसरीनं तिच्याकडे बघून ती काय करतेय ते ओळखायचं. व्हिडिओ दाखवून कृती ओळखायला शिकवलेली मॉडेलं ढिगानं आहेत; बघणाऱ्याला स्वतःचं अंग असलं तर काय फरक पडतो, हे आम्हाला बघायचं होतं. बघणारीच्या डोक्यावर ६४ बाय ६४ पिक्सेलचा कॅमेरा. उत्तर बरोबर आलं की बक्षीस, पाय हलवले की थोडा दंड. दंड ठेवला नाही तर ही मंडळी उगाच थयथयाट करतात.

त्या सकाळी रात्रभरच्या ट्रेनिंगचे व्हिडिओ लावले, तर बघणारी उत्तर द्यायचं सोडून चालायलाच लागलेली.

"मॅडम, दंडाचं चिन्ह उलटं पडलंय बहुतेक, वजाऐवजी अधिक," ज्युनिअर म्हणाला.

शंका रास्त होती. कोड उघडला, चिन्ह बरोबर. दंड कापला जात होता आणि तरी बाईसाहेब चालत होत्या.

मग सुरुवातीला कोण कुठे उभी आहे, त्याप्रमाणे व्हिडिओ वेगळे केले. बघणारी बाजूला असली तर जागची हलत नव्हती. पेटी दिसते, सरकते, उत्तर हजर. पण ती करणारीच्या पाठीमागे असली, की धडाआड पेटी पूर्ण झाकलेली. तिथून चालणं आणि ढकलणं सारखंच दिसतं. अशा वेळी ती वळसा घालायची आणि पेटीची कड कॅमेऱ्यात आली रे आली की थांबायची. पुढे एक पाऊल नाही. रस्त्यात जेसीबी खोदत असला की बघे सरकत सरकत फट शोधतात ना, अगदी तसं. बाजूला जा, असं आम्ही कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं.

स्वीडनच्या गुनार योहान्सननं १९७३ मध्ये दाखवलं होतं, की अंधारात माणसाच्या सांध्यांवरचे १०-१२ ठिपके हलले तरी त्याचं चालणं ओळखू येतं. ठिपके थांबले की नुसता पुंजका. तिथे हालचाल समोरच्याची होती. इथे बघणारीनंही आपली हालचाल त्यात घातली. तिला "समजलं" असं मात्र मी म्हणणार नाही. दंडापेक्षा बक्षीस मोठं होतं, एवढंच.

ते तपासायला दुपारी ज्युनिअरनं दंड वाढवला आणि पुन्हा ट्रेनिंग लावलं. नवी मुंगी जागची हलेना. पाठीमागे उभी राहूनच, समोर काहीही चाललेलं असो, "चालतेय" म्हणून ठोकून द्यायला लागली.