अण्णांचा फोल्डर गेला तेव्हा कळलं, सिंक वेगळं आणि बॅकअप वेगळा

आमच्या घरचा कॉम्प्युटर काय माझ्या एकटीचा नाही. मी घरूनच सात-आठ दुकानांचे हिशेब बघते, जीएसटीची रिटर्न भरते, बहुतेक सगळी आमच्या सांगलीतली, हरभट रोड नाहीतर मारुती रोडची दुकानं, त्यामुळे डी ड्राइव्हला त्यांचा टॅलीचा डेटा, शिवाय लग्नापासूनचे फोटो, शेताचे सातबारे स्कॅन करून ठेवलेले, पोराच्या मार्कशीट आणि सासऱ्यांची म्हणजे अण्णांची कीर्तनाची टिपणं. अण्णांनी ती वीस वर्षं एका बोटाने टाइप केलीत.

फेब्रुवारीत सीपीयूमधनं टक टक आवाज यायला लागला. दुरुस्तीवाला पोरगा आला, त्याने डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून दाखवलं तर पिवळ्या रंगात 'कॉशन' लिहून आलेलं. म्हणला, "काकू, डिस्क बदला लवकर. बॅकअप आहे ना?" मी ठणकावून हो म्हणलं. नंतर पेन ड्राइव्ह लावून बघितला तर त्यात 'बॅकअप', 'बॅकअप फायनल', 'बॅकअप फायनल नवीन' आणि 'न्यू फोल्डर ३' असे चार फोल्डर, चारीत थोडं थोडं सारखं, थोडं थोडं वेगळं, आणि सगळ्यात ताजी फाइल दीड वर्षापूर्वीची. डिस्क बदलून घेतली, डेटा सुदैवाने सगळा निघाला, पण तेव्हाच ठरवलं की हे हाताने कॉपी पेस्ट आता बंद, काहीतरी सॉफ्टवेअर बघायचं. अट एकच, मला सोपं पाहिजे, कारण मार्चएंडला माझ्याकडे डोकं चालवायला वेळ नसतो.

पोरगं पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. त्याला फोन केला तर म्हणला, "आई, सिंकथिंग टाक की, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, फाइल कुठल्या कंपनीकडे जात नाही." व्हिडिओ कॉलवर त्याने अर्ध्या तासात बसवून दिलं. माझा कॉम्प्युटर आणि अण्णांचा जुना लॅपटॉप एकमेकांना जोडले. दोन्हीला एकेक लांबलचक आयडी असतो, तो एकमेकांना द्यायचा, फोल्डर निवडायचा, झालं. ब्राउझरमध्ये एक पान उघडतं तिथे हिरवं दिसलं की समजायचं दोन्हीकडे सारखं आहे. दोन्ही मशीन एकाच वेळी चालू पाहिजेत एवढंच, मधे कुणाचा सर्व्हर फाइल साठवून ठेवत नाही. मला तर जादूच वाटली, इकडे सेव्ह केलं की तिकडे हजर. पंधरा दिवस मी सगळ्यांना सांगत होते की आमचा बॅकअप आता आपोआप होतो.

मग एका सकाळी अण्णांनी लॅपटॉपची साफसफाई काढली. त्यांना कपाटासारखा कॉम्प्युटर पण आवरायची हौस. 'जुनी टिपणं' नावाचा फोल्डर त्यांना दोनदा दिसला (एक डेस्कटॉपवरचा शॉर्टकट होता), म्हणून त्यांनी एक ठेवला आणि एक उडवला, उडवला तो नेमका खरा, आणि आवरायचंच म्हणल्यावर रीसायकल बिन पण रिकामा केला. दहा वाजता मी कॉम्प्युटर लावला, सिंकथिंगने त्याचं काम चोख केलं, अण्णांनी काढलेलं माझ्याकडचंही काढून टाकलं. पानावर हिरवंगार.

अण्णा दुपारी म्हणले, "अगं, नारदाचं आख्यान कुठं गेलं?" आणि माझ्या पोटात गोळा. पोराला फोन लावला तर तो शांतपणे म्हणतो, "अगं आई, व्हर्जनिंग चालू नव्हतं केलं का आपण?" आपण! ते मुळात बंदच असतं, प्रत्येक फोल्डरला आपण चालू करायचं असतं, केलं तर काढलेल्या फाइल बाजूला साठवून ठेवतं. सॉफ्टवेअरचा दोष नाही, सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं, चूक झाली तर चूकही सारखीच. टिपणं मिळाली ती त्या पेन ड्राइव्हच्या 'बॅकअप फायनल'मध्ये, दीड वर्षापूर्वीपर्यंतची. पुढची गेली. अण्णा काही बोलले नाहीत, नुसतं "असूंदे" म्हणले, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर मी स्वतः शोधायला बसले. गूगल ड्राइव्ह आधी बघितलं, पण फुकटचे १५ जीबी म्हणजे जीमेल, फोटो, ड्राइव्ह सगळ्यांना मिळून, आणि माझे तर व्हॉट्सअ‍ॅपच्या गुड मॉर्निंगनीच भरत आलेले. पैसे भरून जागा वाढवता येते, पण दुसऱ्यांच्या दुकानाचे हिशेब त्यांना न विचारता वर टाकायला माझं मन होईना. वनड्राइव्हचे फुकट ५ जीबी, तो विषय तिथेच संपला.

मग कळलं की विंडोजमध्येच फाइल हिस्ट्री म्हणून सोय आहे, विंडोज ८ पासूनची. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन शोधावी लागते. बाहेरची डिस्क लावली की ती दर तासाला बदललेल्या फाइलची प्रत घेते, जुन्या प्रती पण ठेवते. चांगली आहे, नाही असं नाही. पण ती आपणहून डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असलेच फोल्डर घेते, माझं सगळं डी ड्राइव्हला, ते वेगळं जोडून द्यायला लागतं. आणि डिस्क उघडून बघितली तर प्रत्येक फाइलच्या नावाला तारीख आणि वेळेचं लांब शेपूट. परत आणताना ती नावं नीट करून देते म्हणे, पण मला डिस्क दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावून सरळ फाइल उघडता यायला पाहिजे होती.

शेवटी जमलं ते फ्रीफाइलसिंकशी. हेही फुकट. डाव्या बाजूला आपला फोल्डर, उजव्या बाजूला डिस्कवरचा, 'कंपेअर' दाबलं की काय काय बदललंय त्याची यादी येते, बघायची, पटली तर 'सिंक्रोनाइझ'. मुख्य पद्धती तीन, दोन्हीकडून सारखं करणं, डावीकडच्यासारखं हुबेहूब उजवीकडे करणं म्हणजे मिरर, आणि नुसतं नवीन-बदललेलं तेवढं नेणं म्हणजे अपडेट. मी मिरर घेतलं. पहिल्याच दिवशी उत्साहात बाजू उलट्या लावल्या, डावीकडे रिकामी नवी डिस्क आणि उजवीकडे माझा भरलेला डी ड्राइव्ह! कंपेअर केल्यावर यादीत सगळीकडे डिलीटच्या खुणा दिसल्या तेव्हा हात आखडला. यादी आधी दाखवतं म्हणून वाचले, नाहीतर मीच अण्णांची सून शोभले असते.

त्यात मी एक सेटिंग मुद्दाम बदललं, काढलेली किंवा बदललेली फाइल पुसून न टाकता डिस्कवरच्याच 'जुने' नावाच्या फोल्डरात तारखेसकट सरकवायची. आता अण्णांनी कितीही साफसफाई करूंदे. सगळं एकदा लावून झालं की बॅच फाइल म्हणून सेव्ह करता येतं, डेस्कटॉपवर एक आयकॉन, डबल क्लिक, चहा होईपर्यंत काम संपलेलं. पहिली कॉपी १८० जीबीची होती, सीपीयूच्या पुढच्या पोर्टला लावली तर तीन तास दाखवत होतं, मागच्या निळ्या, जास्त वेगाच्या पोर्टला लावल्यावर तासाभरात झाली. टॅली मात्र बंद करून मगच चालवते, आणि टॅलीचा स्वतःचा बॅकअप वेगळा घेते तो घेतेच. काम झालं की डिस्क काढून ठेवते, कायम लावलेली ठेवली आणि एखादा व्हायरस फाइल लॉक करत सुटला तर डिस्कही त्याच्याच ताब्यात जायची.

मग खरी परीक्षा घेतली. डिस्क अण्णांच्या नव्या लॅपटॉपला लावली आणि त्यांचं टिपण उघडलं, तर समोर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, मराठीचं एक अक्षर नाही. अण्णा म्हणले, "हे पण गेलं का?" गेलं नव्हतं. त्यांनी सगळं श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलंय, युनिकोड म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणारं मराठी ते नाही, त्यामुळे तो फाँट त्या मशीनवर नसेल तर फाइल शाबूत असून वाचता येत नाही. डी ड्राइव्हचा बॅकअप मी घेत होते आणि फाँट बसलेले सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फोल्डरात! ते शोधून काढले, 'अण्णांचे फाँट' असा फोल्डर करून टिपणांच्या शेजारीच ठेवला. लॅपटॉपवर फाँट टाकले, फाइल परत उघडली, आणि नमनाचा अभंग उमटला. अण्णांनी चष्मा पुसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, वर एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला सांगितलं.

एवढं झाल्यावर डिस्क ठेवली कुठे, तर कॉम्प्युटर टेबलाच्याच ड्रॉवरमध्ये. आम्ही गावभागात राहतो. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी तिथे ४५ ची, तेव्हा देव आणि सीपीयू दोन्ही वरच्या मजल्यावर नेले होते आणि फोटोंचे जुने अल्बम खालीच राहिले. २०२१ ला परत तीच धावपळ. म्हणून आणखी एक डिस्क घेतली, ती विट्याला थोरल्या बहिणीकडे असते. मी गेले की अदलाबदल, ताजी तिच्याकडे, तिच्याकडची माझ्याकडे. दोन्हीवर कागदी टेप लावून शेवटच्या बॅकअपची तारीख मार्करने लिहिलीय. मृग लागायच्या आत एक फेरी होतेच, दुसरी गणपतीनंतर. परवा आक्काचा फोन आला, "अगं तुझी ती काळी डबी पैठणीच्या घडीत ठेवलीय, चालेल ना? डांबरगोळ्यांनी काय होत नाही ना तिला?"