मागील तीन वर्षांची यादी: ट्रॅव्हल सॉफ्टबॉल क्लब निवडतानाचा माझा अनुभव

एका साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला एका क्लबच्या कार्यालयाने आम्हाला जितके ताटकळत ठेवले, तितके मुलीच्या कॉलेजप्रवेशाच्या संपूर्ण प्रक्रियेत दुसऱ्या कोणीही ठेवले नाही. ज्या संघात तुम्ही आमच्या मुलीला घेऊ इच्छिता, त्याच संघातील मुली मागील तीन वर्षांत कोणत्या कॉलेजांत खेळायला गेल्या, एवढेच आम्हाला हवे होते. मुलगी आता एनसीएए या अमेरिकेतील कॉलेज-क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या विभागातील (संघटना कॉलेजांची तीन विभागांत वर्गवारी करते) एका कॉलेजात कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारी खेळाडू, म्हणून खेळते आणि मला तिचा फार अभिमान वाटतो, तरीही त्या कार्यालयाचा राग काही गेलेला नाही.

आम्ही अमेरिकेत डॅलसजवळ राहतो. येथे शाळांचा सॉफ्टबॉल हंगाम वसंत ऋतूत असतो आणि कॉलेजांचाही त्याच काळात, त्यामुळे कॉलेजच्या प्रशिक्षकांना शाळेचे सामने पाहायला सवडच नसते. त्यांची पाहणी उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत, गावोगाव स्पर्धांना जाणाऱ्या खासगी ‘ट्रॅव्हल’ क्लबांच्या स्पर्धांमध्ये होते. मी स्वतः अमरावतीला शाळेकडून सॉफ्टबॉल खेळले आहे. तिथे जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या ठरलेल्या असतात आणि निवड झाली की खेळाडू आपोआप वर सरकतो. येथे तशी एकच शिडी नाही. कोणत्या पायरीवर उभे राहायचे हे पालकांनीच पैसे मोजून ठरवायचे असते. त्यात पीजीएफ, अलायन्स फास्टपिच, यूएसए सॉफ्टबॉल, यूएसएसएसए ही नावे कानांवर पडून नवे पालक गोंधळतात. या स्पर्धा भरवणाऱ्या संस्था आहेत, मुलीला संघात घेणारे क्लब वेगळे, आणि मोठ्या क्लबच्या एकाच नावाखाली अनेक राज्यांत कितीतरी संघ असतात. प्रत्येक संघाचा प्रशिक्षक निराळा असतो आणि दर्जाही निराळा.

आमची अडचण नेमकी इथेच झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये, मुलगी दहावीत जात असताना, सोळा वर्षांखालील गटाचे ट्रायआउट, म्हणजे निवडचाचणी, झाले. त्याच संध्याकाळी एका मोठ्या क्लबकडून फोन आला की जागा देत आहोत, उद्या रात्रीपर्यंत होकार कळवा आणि अनामत रक्कम भरा, जी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. मी यादी मागितली. त्यांनी संकेतस्थळावरचे पान दाखवले, ज्यावर कॉलेजांच्या बोधचिन्हांसह मुलींची छायाचित्रे ओळीने लावलेली होती. एकेक नाव शोधत गेले तेव्हा कळले की त्यातील बहुतेक मुली परराज्यातील एकाच नामांकित प्रशिक्षकाच्या संघातून गेलेल्या आहेत आणि आम्हाला देऊ केलेल्या संघाशी त्यांचा काहीही संबंध नाही. मी पुन्हा विचारले, तर मुलींना कॉलेजांच्या संघांत जागा मिळवून देण्याचे काम पाहणारे भरती समन्वयक स्पर्धेसाठी बाहेरगावी गेल्याचे उत्तर आले. समन्वयक परतल्यावर त्यांनी एक रंगीत माहितीपत्रक पाठवले. त्यानंतर संघाच्या प्रशिक्षकांना विचारा असे सांगण्यात आले. प्रशिक्षक म्हणाले, ही माहिती कार्यालयाकडे असते. शेवटी कार्यालयाने कळवले की मुलींच्या खासगीपणाचा विचार करता अशी माहिती देता येत नाही. ज्यांची छायाचित्रे, शाळा आणि कॉलेजे जाहिरातीसाठी जगाला दाखवली होती, त्याच मुलींचा खासगीपणा माझ्या प्रश्नापुरता आठवावा, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

या सर्व काळात अनामत रकमेचे स्मरणपत्र मात्र न चुकता येत होते. ट्रायआउटच्या दिवसांत बाकीच्या संघांतील जागा झपाट्याने भरतात, त्यामुळे थांबावे तर दुसरीकडची संधी जाते आणि पैसे भरावे तर वर्षभर अडकून पडावे लागते, या कात्रीत पालकांना मुद्दाम धरले जाते असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

ज्या लहान क्लबकडे आम्ही गेलो, तेथील प्रशिक्षकांनी विचारताच एक कागद पुढे केला. त्यावर मुलीचे शाळा पूर्ण होण्याचे वर्ष, मैदानावरची खेळण्याची जागा, कॉलेज आणि ती अजून खेळते की नाही, असे रकाने होते. ज्यांनी पहिल्याच वर्षी कॉलेजचा संघ सोडला त्यांची कारणेही त्यांनी स्वतःहून सांगितली. सोडून गेलेल्यांविषयी जो मोकळेपणाने बोलतो, त्याच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास ठेवता येतो.

संघ कोणत्या स्पर्धांना जातो इतकेच विचारून भागत नाही. तिथे तो कोणत्या गटात आणि कोणत्या मैदानांवर खेळतो तेही विचारावे. कोलोरॅडोत जुलैच्या आरंभी होणाऱ्या मोठ्या स्पर्धांत मी पाहिले की काही मैदानांवर होम प्लेटमागच्या (फलंदाज उभी राहते त्या जागेमागच्या) जाळीपलीकडे कॉलेजचे शर्ट घातलेल्या प्रशिक्षकांच्या घडीच्या खुर्च्यांची रांग लागलेली असते, तर लांबच्या मैदानांवर फक्त आईवडील असतात. कॅचरची दुसऱ्या बेसपर्यंतची फेक सुमारे ८४ फूट १० इंचांची. चेंडू तिच्या ग्लोव्हमध्ये आपटल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पडेपर्यंतचा वेळ ते स्टॉपवॉचवर मोजतात, वहीत लिहितात आणि चेहऱ्यावर काहीही न दाखवता पुढच्या मैदानाकडे निघून जातात.

हे मौन मनाला लावून घेऊ नये. पहिल्या विभागातील प्रशिक्षकांना अकरावीच्या वर्षातील १ सप्टेंबरपूर्वी मुलीशी भरतीविषयी बोलता किंवा लिहिता येत नाही; दुसऱ्या विभागासाठी ही तारीख दहावीनंतरची १५ जून आहे. तिसऱ्या विभागाला पत्रव्यवहारासाठी असे बंधन नाही, त्यामुळे मुलीच्या ईमेलला पहिले मनापासूनचे उत्तर तिथूनच आले. त्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. मदत मिळते ती गुणांवर आणि कुटुंबाच्या उत्पन्नावर. नातेवाइकांनी शिक्षण फुकट होणार का असे विचारले, तर बहुतेकांसाठी खरे उत्तर नाही असेच आहे. शिवाय २०२५-२६ पासून एनसीएएविरुद्धच्या ‘हाउस’ खटल्यातील न्यायालयीन तडजोडीत सामील झालेल्या पहिल्या विभागातील कॉलेजांना शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा उरलेली नाही, परंतु संघात २५ पेक्षा अधिक खेळाडू ठेवता येत नाहीत, त्यामुळे काठावरच्या मुलींच्या जागा कमी झाल्या आहेत. जुने नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूने कॉलेजाशी करायचे करारपत्र, २०२४ मध्ये रद्द झाले आहे. एखादा क्लब अजून त्याच्या नावाने आश्वासने देत असेल, तर त्याची माहिती जुनी आहे असे समजावे.

आधी सांगायला हवे होते ते आता आठवले: पहिल्या किंवा दुसऱ्या विभागाचा विचार असेल, तर एनसीएएच्या पात्रतेसाठी १६ मुख्य विषय लागतात, आणि पहिल्या विभागासाठी त्यांतील १० बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हावे लागतात. आपल्या शाळेचा प्रत्येक विषय एनसीएएच्या मान्य यादीत असतोच असे नाही, म्हणून शाळेच्या समुपदेशकांकडे बसून ती यादी नववीतच तपासून घ्यावी.