तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलच्या इंजिनाचा चिकटलेला क्लच

"लिव्हर दाबला तरी क्लच सुटत नाही, वायर अजून ताणू का?" पोळ्याच्या सुमाराला हा प्रश्न सुरू होतो तो दिवाळीपर्यंत चालतो. विचारणाऱ्याने वायर आधीच ताणलेली असते. म्हणून सायकलवर बसवतात त्या टू-स्ट्रोक किटपुरतं एकदा नीट लिहितो.

नका ताणू. आधी पेट्रोलचा कॉक बंद करा, प्लगची टोपी काढा, मागचं चाक उचला आणि लिव्हर दाबून चाक फिरवा. इंजिनही फिरलं तर क्लच खरंच अडकलाय. मग क्लचच्या आर्मकडे, म्हणजे इंजिनावर वायर जोडलेल्या दांड्याकडे बघा. तो हलतच नसेल तर वायर आत गंजलीय. तिच्यात तेल सोडा, नाहीतर ती बदला. आर्म हलतो पण हाताला जोरच लागत नसेल, तर चेनच्या बाजूचं कव्हर काढून छर्रा, म्हणजे आतली बारकी पोलादी गोळी, जागेवर आहे का बघा. कव्हर उघडताना तो घरंगळतो आणि वावरात पडला की सापडत नाही. छर्रा नसला की आतली लांब दांडी पुरेशी पुढे सरकत नाही. बसवताना ग्रीसचा ठिपका लावा, म्हणजे तो चिकटून राहतो.

आर्म हलतो, जोरही लागतो आणि तरी सुटत नाही? मग पॅड, म्हणजे क्लचच्या प्लेटला धरून ठेवणारे घर्षणाचे तुकडे, चिकटलेत. हा क्लच तेलात बुडालेला नसतो, कोरडा असतो. सायकल पावसाळाभर गोठ्यात उभी राहिली की स्प्रिंग पॅडना प्लेटवर दाबून धरते आणि ओल मध्ये गंज धरवते. लिव्हर दाबून बांधा, प्लग जागेवर ठेवून सायकल पुढे-मागे झटक्याने ढकला. कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा, अडथळा बसतो आणि पुष्कळदा पॅड तेवढ्यावर सुटतात.

एका इंजिनाचं सांगतो, कारण त्यात सगळं होतं. आधी वायर ताणून ताणून तुटली होती. मग आर्मला पाइप घालून ओढलेला. कव्हरला आर्मच्या भोकापासून तडा गेला, क्लच जागचा हलला नाही. पॅडच्या बाजूचं, म्हणजे उजवं कव्हर काढलं. फुलाच्या आकाराच्या नटावरचा बारका लॉक-स्क्रू काढला आणि नट किती फेऱ्यांनी निघतो ते मोजून ठेवलं, कारण परत तेवढाच आवळायचा असतो. जास्त आवळला तर लिव्हर दगडासारखा जड होतो, कमी आवळला तर चढावर क्लच घसरतो. नट निघाला, प्लेट निघेना. इथे पेचकस घालून उचकटायचं नाही, पॅडच्या कडा तुटतात. लाकडी मुठीने कडेकडेने हलके ठोके दिले. प्लेट आली ती दोन पॅड गिअरच्या भोकांतून उपसून, तांबूस गंजाने चिकटवून घेऊनच आली. प्लेटवर प्रत्येक पॅडचा ठसा उमटला होता. अशा क्लचला वायर काय करणार?

प्लेट सँडपेपरने चकाकेपर्यंत घासा, पॅड मात्र अगदी हलके. दोन्ही पेट्रोलच्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ग्रीस फक्त छोट्या गिअरच्या दातांवर, तुरीच्या दाण्याएवढं. जास्त झालं की उडून पॅडवर बसतं आणि मग क्लच घसरतो. शेवटी लिव्हरला दोनेक मिलिमीटर ढिलाई ठेवा.

"पावसाळ्यात लिव्हर खिटी लावून दाबून ठेवू का?" हेही विचारता. आधी मी ठाम नाही म्हणायचो, कारण स्प्रिंग आणि वायर महिनोन्‌महिने ताणात राहतात. पण तसे ठेवलेले क्लच चिकटत नाहीत, हेही खरं. स्प्रिंगची काळजी मला अजून वाटते. आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून गावात फेरी मारता येत असेल तर खिटीची गरजच नाही. तेवढा वेळ नसेल, तर लावा.