पंक्चर काढायच्या आधी टायर आतून चाचपा

पावसाळा संपल्यावर मी सायकल परत चालवायला घेतली, भावाची जुनी गिअरची, 26 इंची. सकाळी जुळे सोलापुरातून निघायचं, विजापूर रोडने संभाजी तलावापर्यंत जायचं आणि परत, बास. पहिल्या पंधरा दिवसांत मागचं चाक तीनदा पंक्चर झालं. तिन्ही वेळा ढकलत ढकलत दुकान गाठलं, पैसे दिले, दोन दिवसांनी हवा परत गायब. एका ठिकाणी तर ट्यूबच नवीन टाकून दिली, तरी तेच. मला खरंच राग आला होता.

मग आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या मामांना म्हटलं, मामा मला शिकवा की, मी बाजूला बसून बघते. तर म्हणाले, "बघून काय येणार ताई, हात घाला की."

ट्यूब काढल्यावर मला वाटलं आता ठिगळ लावायचं, पण मामांनी ट्यूब बाजूला ठेवली आणि टायर आतून हळूहळू चाचपायला लावला, जोरात नाही, काच असली तर बोट कापतं. अर्ध्यावर गेल्यावर टोचलं. वेड्या बाभळीचा काटा! बाहेरून मोडून गेलेला, आत टोक तेवढं राहिलेलं, म्हणजे डोळ्यांनी दिसतच नव्हतं. तीन पंक्चर त्या एका काट्याचे. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला ही बाभूळ किती आहे ते सांगायला नको, त्यामुळं सोलापुरात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हे पहिलं माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

अजून एक, ट्यूबवर एकमेकांशेजारी दोन छिद्रं असतील तर काटा शोधत बसू नका, ते हवा कमी असताना खड्ड्यात आपटून रिममध्ये ट्यूब चिमटल्यामुळं होतं. टायरच्या कडेला किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ते छापलेलं असतं, तेवढी भरायची. मी नुसतं अंगठ्यानं दाबून बघायचे, इथंच चुकत होतं.

छिद्र शोधायला बादलीत ट्यूब बुडवायची, बुडबुडे येतात तिथं खूण करायची. आता आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठलं, म्हणून मी कपडे धुतलेलं पाणीच ठेवते, किंवा ट्यूब फुगवून गालाजवळ फिरवते, हवा लगेच कळते. मग खुणेवर घासपेपर, मग सोल्युशन म्हणजे ठिगळ चिकटवायचा गोंद. सोल्युशन पातळ लावून चांगलं वाळू द्यायचं, ओलं असताना ठिगळ लावलं की सुटतं. मी दोनदा घाई केली, दोन्ही सुटले.

चेनचं सांगते. आधी मी गाडीचं इंजिन ऑइल भरपूर ओतायचे, चेन काळी कुळकुळीत व्हायची आणि इकडची धूळ त्यावर बसून आत वाळूसारखं घासायचं. आता रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेलमध्ये ब्रश बुडवून साफ करते, फडक्यानं पुसते, पूर्ण वाळली की एकेका कडीवर एकेक थेंब, पेडल उलटं फिरवायचं, आणि वरचं तेल पुसून टाकायचं. पुसायचं हे महत्त्वाचं, तेल आत पाहिजे, बाहेर नको. चेन झिजलीय का ते पट्टीनं कळतं, नव्या चेनमध्ये 12 इंचात बरोबर 24 कड्या बसतात, पिनच्या मध्यापासून मोजायचं, तेच माप 12 पूर्णांक 1/16 इंचाला गेलं की बदलायची, नाहीतर मागचे दातेपण खराब होतात आणि तो खर्च मोठा. पट्टी लावल्यावर माझी चेन गेलेली निघाली, बदलली.

डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हेही मला माहीत नव्हतं, मी नेहमीसारखं डावीकडं फिरवून सोडवायला बघत होते आणि ते अजूनच आवळत होतं, 15 नंबरचा पाना हातातून निसटून बोटाचं पेर सोललं गेलं.

चाकाचा आउट, म्हणजे रिम एका बाजूला गेल्यानं चाक डुलतं ते, अजून काढता येत नाही. मामांनी सांगितलंय, सायकल उलटी ठेवायची, ब्रेकजवळ खडू धरून चाक फिरवायचं, खडू लागेल त्या बाजूला रिम गेलेली असते, मग समोरच्या बाजूचा आरा पाव फेरा आवळायचा, एकदम नाही. रविवारी मागचं चाक घेऊन बसणार आहे, खडू आणून ठेवलाय.