चेरी श्रिंपच्या टँकमधली सॉइल काढून वाळू टाकली, माझा अनुभव

चेरी म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी लाल कोळंबी, घरी टँकमध्ये पाळतात ती. सलग तीन रविवार मी टँकचं पाणी बदललं आणि तिन्ही वेळेला पुढच्या एकदोन दिवसांत मेलेल्या श्रिंप सापडल्या. पहिल्यांदा दोन, मग तीन, मग परत दोन. खाणं तेच, तापमान २४ च्या आसपास, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सगळं जागच्या जागी आणि तरी मरतायत. तिसऱ्या वेळी एक चेरी चमच्याने बाहेर काढून भिंगाखाली बघितली तर डोक्याचं कवच आणि मागचा भाग जिथे जुळतो तिथे गोल फिरलेला पांढरा पट्टा होता. कात टाकताना कवच मानेपाशी वरून उकलतं आणि श्रिंप तिथून झटका देऊन बाहेर पडते, हिचं कवच मात्र सगळ्या बाजूंनी तडकलेलं आणि ती आत अडकूनच गेली. सातही अशाच गेल्या असतील का माहीत नाही, पण ही एक बघितल्यावर मला झोप लागेना.

टँक माझा ४५ बाय ३० बाय ३०, म्हणजे ४० लिटरच्या आसपास. दोन स्पंज फिल्टर, जावा मॉस, लाकडावर बांधलेले अनुबियास, मागे क्रिप्टोकोरीनचा एक गच्च झुपका, आणि तळाला ६ सेंटिमीटर ॲक्टिव्ह सॉइल. सॉइल का, तर श्रिंपसाठी सॉइलच बेस्ट असं सगळीकडे वाचलं होतं आणि काळीभोर सॉइल, त्यावर लाल श्रिंप, दिसतंही सुंदर. श्रिंप म्हणजे नक्की कुठली श्रिंप हा प्रश्न तेव्हा डोक्यात आलाच नाही.

त्या आठवड्यात मी रोज रात्री टेस्ट घेतल्या आणि वहीत लिहून ठेवल्या. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मोजलं तर पीएच ७.८, केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण, त्यानेच पीएच स्थिर राहतो) ७, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) ९. टँकमधलं पाणी, पीएच ६.६ आणि केएच जेमतेम २. केएचच्या टेस्टमध्ये थेंब मोजायचे असतात, जितक्या थेंबांना रंग निळ्याचा पिवळा होतो तितका केएच, आणि टँकच्या पाण्याचा रंग दुसऱ्याच थेंबाला बदलला तेव्हा मी बाटली हलवून परत केली, परत दोन. मग रविवारी ३० टक्के पाणी बदललं आणि तासाभराने मोजलं, पीएच ७.२ वर गेलेला. बुधवारपर्यंत परत ६.७. म्हणजे दर रविवारी मी माझ्या श्रिंपना एका पाण्यातून उचलून दुसऱ्या पाण्यात टाकत होते आणि तीन दिवसांत सॉइल त्यांना परत जुन्या पाण्यात ओढून आणत होती.

यात सॉइलची चूक काहीच नाही, ती तिचं काम करत होती. ॲक्टिव्ह सॉइल म्हणजे भाजलेल्या चिकणमातीचे दाणे, ते पाण्यातले कार्बोनेट खातात आणि पाणी आम्लाकडे नेऊन तिथे धरून ठेवतात. क्रिस्टल रेड आणि बी जातीच्या श्रिंप, म्हणजे कॅरिडिना, त्यांना हेच हवं असतं, पीएच ६ च्या आसपास आणि केएच शून्य ते एक. चेरी ही निओकॅरिडिना, तिला ६.५ पासून ८ पर्यंत काहीही चालतं, केएच असलेलं उलट बरंच, फक्त ते रोज तेच हवं. आणि नळाच्या पाण्याचा केएच ७ असेल तर सॉइल दर आठवड्याला ते खात खात स्वतः लवकर संपते. आरओच्या पाण्यावर जी सॉइल दीड-दोन वर्षं टिकते ती माझ्याकडे आठ-नऊ महिन्यांत थकायला लागली होती, काही दाणे बोटात धरले तर चिखल व्हायचा.

म्हणजे दोनच रस्ते होते, एक तर पाणी बदला, आरओ आणा आणि त्यात मिनरल सॉल्ट घाला, नाहीतर तळ बदला. चेरीसाठी मला नळाचंच पाणी वापरायचं होतं, म्हणून तळ बदलायचा ठरला आणि पाण्याला अजिबात हात न लावणारी, इनर्ट वाळू शोधायला लागले.

वाळू निवडतानाच मी सगळ्यात जास्त वेळ घेतला आणि तो वेळ घ्यावाच असं माझं मत आहे. तीन नमुने आणले. एक पांढरी, ती आधीच बाद केली कारण फिकट तळावर चेरीचा रंग उतरतो, गडद तळावर त्या जास्त गडद होतात, हे मी माझ्याच दोन टँकमध्ये बघितलंय. दुसरी काळी पण रंग दिलेली, ओली करून पांढऱ्या फडक्यावर चोळली तर फडक्यावर काळे डाग, तीही बाद. तिसरी काळी-करडी, नैसर्गिक, दाणा १ ते २ मिलिमीटर. तिच्यावर व्हिनेगर टाकलं आणि कान लावून बसले. बुडबुडे आले, फस्स आवाज आला की समजायचं चुन्याचा अंश आहे, ती वाळू केएच, जीएच वाढवत राहणार. काही आलं नाही. मग एक मूठ वाळू बरणीत नळाच्या पाण्यात आठवडाभर ठेवली, आठव्या दिवशी केएच ७, जीएच ९, जसंच्या तसं. तेव्हा ठरवलं हीच.

दाण्याच्या मापाबद्दल एवढंच, पिठासारखी बारीक वाळू दाबून बसते, खाली हवा पोचत नाही आणि तिथे सडक्या अंड्याचा वास येणारा गॅस तयार होतो. मोठी खडी घेतली तर खाणं फटीतून खाली जातं, श्रिंपना मिळत नाही, सडतं आणि मग प्लॅनेरिया, म्हणजे बारीक चपटे किडे, येतात. १ ते २ मिलिमीटर मला दोन्हीच्या मधलं वाटलं. ३ सेंटिमीटर थरासाठी साधारण ६ किलो लागली. धुवायला मात्र अख्खी दुपार गेली, चौदा पाणी झाली तेव्हा कुठे बादलीचा तळ दिसला.

आता खरी भीती होती ती बदलण्याच्या दिवसाची, कारण श्रिंप आत असताना जुनी सॉइल उकरली की तळात साठलेला सगळा गाळ आणि अमोनिया पाण्यात येतो, शिवाय चिकणमातीचा बारीक गाळ त्यांच्या कल्ल्यांत बसतो. म्हणून ठरवलं आधी सगळ्या श्रिंप बाहेर, मगच मातीला हात. २० लिटरचा एक टब आणला (साबण कधीही न लागलेला, नवा कोरा), त्यात वरवरचं स्वच्छ पाणी सायफनने काढून घेतलं, एक स्पंज फिल्टर तसाच ओला, न पिळता उचलून त्यात लावला आणि हवा सुरू केली. अमोनिया आणि नायट्राइटचं विष पचवणारे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतात, ते स्पंजवर आणि तळावर राहतात, आणि तळ तर मी फेकणार होते, त्यामुळे हे दोन स्पंज म्हणजे माझं सगळं भांडवल होतं. दुसरा स्पंज टँकच्या पाण्यानेच भरलेल्या बादलीत चालू ठेवला.

मॉस झटकू नका. मी पूर्ण गठ्ठा अलगद उचलून तसाच टबात सोडला कारण निम्मी पिल्लं त्यातच असतात. मग पाणी हळूहळू कमी करत ५ सेंटिमीटरवर आणलं, भरलेल्या टँकमध्ये जी श्रिंप पकडायला दहा मिनिटं लागतात ती कमी पाण्यात दोन मिनिटांत जाळीत येते. ६४ मोठ्या मोजल्या. त्यातल्या चार अंडी धरलेल्या माद्या होत्या, त्यांना जाळीत न घेता पेल्याने पाण्यासकट उचललं.

पिल्लांचं काम आईने केलं. सॉइल मी लहान वाटीने काढत होते आणि प्रत्येक वाटी आधी पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात पसरत होते, आई चष्मा लावून ट्रेपाशी बसली होती ड्रॉपर घेऊन. मला तर काहीच दिसत नव्हतं, नुसते काळे दाणे. आई म्हणाली, "अगं थांब, पाणी स्थिर होऊ दे, हा बघ एक दाणा उलटा चाललाय." आणि खरंच, दोन मिलिमीटरचं पारदर्शक पिल्लू, दिसत होते ते फक्त डोळ्यांचे दोन काळे ठिपके. तिने एकटीने ३१ पिल्लं काढली. मी एकटी असते तर ती सगळी मातीबरोबर गेली असती, याचं मला अजूनही कसंतरी होतं.

खालचा थर आला तेव्हा मागच्या कोपऱ्यात, क्रिप्टोच्या मुळांखाली, सॉइलचा काळा लगदा झालेला आणि तोच सडक्या अंड्याचा वास. म्हणजे ही वेळ तशीही आलीच होती.

टँक धुतला, फक्त पाण्याने, वाळू टाकली, तिच्यावर ताटली ठेवून त्या ताटलीवर पाणी ओतलं म्हणजे वाळू उसळत नाही. क्लोरीन काढलेलं नळाचं पाणी भरलं, लाकूड आणि अनुबियास ठेवले, दुसरा स्पंज परत लावला. पाणी लगेच स्वच्छ दिसत होतं आणि त्याच संध्याकाळी श्रिंप सोडून टाकाव्यात असा मोह झाला. सोडल्या नाहीत. टँकच्या पाण्याचा केएच ७, टबातल्या पाण्याचा २. इतका फरक त्यांना एका संध्याकाळी दिला असता तर ज्या त्रासातून सोडवायला हे सगळं केलं तोच त्रास पाचपट झाला असता.

मग बारा दिवस श्रिंप टबातच. या बारा दिवसांत दोन कामं एकदम झाली आणि मला वाटतं या पूर्ण प्रकारात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच. टँकमध्ये मी रोज खाण्याची अगदी बारीक चिमूट टाकत होते म्हणजे स्पंजवरचे बॅक्टेरिया उपाशी राहू नयेत, आणि रोज टेस्ट, चौथ्या दिवशी नायट्राइट ०.२५ दिसलं, सातव्या दिवशी शून्य, नंतर शून्यच. आणि तिकडे टबातून रोज दोन लिटर पाणी काढून टँकमधलं दोन लिटर थेंबथेंब सोडत होते, बारीक नळीला गाठ मारून, सेकंदाला एक-दोन थेंब. केएच २ वरून हळूहळू चढत बाराव्या दिवशी साडेपाचला आला, पीएच ७.५. टबाला वर जाळी बांधलेली होती कारण श्रिंप हवेच्या नळीवरून चढून बाहेर येतात, आणि खाण्याला जवळजवळ सुट्टी, दोन दिवसाआड पालकाचं उकडलेलं एक पान, तेही तीन तासांनी काढून.

टबात तीन गेल्या. आणि पाचव्या दिवशी सकाळी तळाशी एक रिकामी कात पडलेली, तिच्या पोटाखाली अंड्यांचा पूर्ण घोस तसाच चिकटलेला. अंडी धरलेल्या मादीने ताणात कात टाकली की अंडी कातीबरोबर जातात. मादी जिवंत होती, मॉसखाली लपून बसलेली, नव्या कवचात मऊ. पण तो घोस बघून मला खरंच वाईट वाटलं, पंचवीस-तीस अंडी तरी असतील.

तेराव्या दिवशी सगळ्या परत टँकमध्ये गेल्या. तरीही चार तास ड्रिप लावलंच. पहिल्या आठवड्यात आणखी दोन मेल्या, त्यांच्यावर पट्टा नव्हता. क्रिप्टोची सगळी पानं वितळली, ती काढून टाकली आणि मुळं तशीच ठेवली, महिन्याने नवीन कोंब आले, पूर्वीपेक्षा बुटके. वाळूत झाडांना खायला काही नसतं हे खरं आहे, हिरवागार गालिचा ज्यांना हवाय त्यांनी वाळू टाकू नये.

नव्या तळावर पहिले तीन-चार आठवडे श्रिंप जरा बुजल्यासारख्या असतात, वाळूवर बायोफिल्म, म्हणजे सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर, नसते, चरायला काही नसतं. मी बदामाची वाळलेली दोन पानं टाकली, पंधरा दिवसांत त्यांच्यावर बुळबुळीत थर आला आणि सगळ्या तिथे जमल्या. मलेशियन गोगलगायी आधीपासून होत्याच, त्या आता वाळू खालीवर करत राहतात.

आता पाच महिने झाले. दर रविवारी १५ टक्के पाणी बदलते, बदलायच्या आधी केएच ७, नंतरही ७, पीएच ७.७ ते ७.८. पांढरा पट्टा आलेली एकही नाही सापडली. सहाव्या आठवड्यात पहिली मादी अंडी धरून फिरताना दिसली, २८ व्या दिवशी पिल्लं, आता मोजणं मी सोडून दिलंय.

आणि सॉइलची उरलेली नवीकोरी पिशवी वाया नाही गेली. बाजूला २० लिटरचा वेगळा टँक लावलाय क्रिस्टल रेडसाठी, त्यात सॉइल, आरओचं पाणी आणि जीएच वाढवणारं सॉल्ट, जीएच ५, केएच शून्य, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) १२० च्या आसपास. सॉइल भिजून पाच आठवडे झाले, नवी सॉइल सुरुवातीला स्वतःच अमोनिया सोडते, पहिल्या आठवड्यात टेस्ट ट्यूब गडद हिरवी झाली होती. काल रात्री ०.२५ आला. आई रोज विचारते कधी आणणार गं, मी म्हणते अजून नाही, दोन आठवडे सलग शून्य येऊ दे.