टोमॅटोची मुळं, सूत्रकृमी आणि माझा प्रबंध

परभणीला एम.एस्सी. करताना टोमॅटोवरचा मूळगाठी सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरून गाठी करणारा बारीक कृमी, हा विषय मी हट्टानं मागून घेतला. आमच्याकडे शेडनेटमध्ये एकदा हा शिरला की झाडं भर दुपारी माना टाकतात आणि शेतकरी पाणी वाढवत बसतो.

सूत्रकृमीला तोंड देणारं ‘एमआय’ जनुक जंगली टोमॅटोतून वाणांत आणलेलं आहे, पण जमीन २८ अंशांच्या वर तापली की ते ढिलं पडतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा काय निभाव लागणार? म्हणून मी झाडाच्या संप्रेरकांकडे, म्हणजे त्याची वाढ आणि बचाव चालवणाऱ्या रसायनांकडे वळलो.

गाठाळलेली मुळं कापून पातळ सोडियम हायपोक्लोराइटमध्ये हलवायची, बारीक चाळणीवर अंडी धरायची, पिल्लं निघाली की कुंड्यांत सोडायची. पुढे मुळं धुऊन अ‍ॅसिड फुक्सिननं रंगवायची. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या आत गुलाबी किडा पहिल्यांदा दिसला आणि मी जेवायचंही विसरलो. हा किडा पेशी मारत नाही, जगवतो. त्या जागी ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक साचतं, पेशीतली केंद्रकं पुन्हा पुन्हा दुभंगतात, पण पेशी दुभंगत नाही, नुसती फुगत जाते. दुभत्या म्हशीसारख्या त्या पेशी मादीला शेवटपर्यंत पुरतात.

झाडही गप्प बसत नाही. त्याचा मोठा आधार जस्मोनिक आम्ल हे बचावाचं संप्रेरक. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये भातावर दाखवलं, की मिथाइल जस्मोनेट, म्हणजे याच आम्लाचं एक रूप, पानांवर फवारलं तरी मुळं सावध होतात. इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाचंही बळ जस्मोनिक आम्लावाचून चालत नाही. मुळांतल्याच दुसऱ्या एका सूत्रकृमीवरच्या भातातल्या कामात अ‍ॅब्सिसिक आम्ल या आणखी एका संप्रेरकानं हा बचाव कमजोर केलेला दिसला. हेच आम्ल पाण्याच्या ताणात झाडात वाढतं. हे वाचलं तेव्हा मला आपली कोरडवाहू रानं आठवली. ताण आणि सूत्रकृमी एकत्र आले तर काय होतं, यावर आपल्याच मातीत काम व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या कुंड्यांत पिल्लं सोडण्याआधी जस्मोनेट फवारलेल्या रोपांना गाठी कमी आल्या, पण त्यांची वाढही थोडी खुंटली. बचावाचा खर्च झाड वाढीतून भागवतं. गाठी धरल्यावर फवारलेल्या रोपांत मात्र काहीच फरक पडला नाही. गावाकडचे काका फवारणीचं विचारतात, तेव्हा मी सांगतो, आधी रोपवाटिकेतलं रोप उपटून मूळ बघा, गाठ दिसली तर त्या वाफ्यातली रोपंच घेऊ नका.